पंखावरचा ठसा

शुक्रवार, पेडणे. जेवणं झाल्यावर.

विमानाच्या मॉडेलच्या डाव्या पंखावर अंगठ्याचा ठसा आहे. सकाळी निळा रंग दिला आणि खोलीचं दार ओढून तुयेला कामावर गेलो. रंग ओला असताना कुणीतरी धरलं असणार, रेषान् रेषा उमटली आहे. माझा नाही. मी हातमोजे घालतो.

आईला विचारलं. ती म्हणाली, मी केर काढायलाही आत गेले नाही. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मी तुझ्या खोलीत पाय ठेवूक नाय." त्यांना मी विचारलंच नव्हतं.

रविवारी फोंड्याहून आत्या येणार, मुलाला घेऊन. माझं पहिलं विमान बाबांनी परस्पर त्यालाच देऊन टाकलं होतं. त्याने ते अंगणातच मोडलं. हे तर युद्धातलं, जहाजावरून उडणारं लढाऊ विमान, सगळा पावसाळा यात गेला. हेही त्याला देण्याआधी बाबा बघत होते का? ठसा चांगला रुंद आहे. आईचा नसावा.

जेवताना बाबांनी मध्येच विचारलं, "त्या शेपटेखालचो आकडो कित्याक रे?"

विमान उलटं केल्याशिवाय तो आकडा, म्हणजे हूक, दिसत नाही. जहाजावर उतरताना तो आडव्या दोरात अडकतो आणि विमान थांबतं, एवढंच सांगितलं.

बाबांनी भात कालवला.

"बहिणीन मागला की माका नाय म्हणूक जमणा नाय," ते म्हणाले. "आयतारा ता कपाटात घाल. आणि चावी माका दाखवू नको."