बरोबरीत सुटलेली कुस्ती

गुरुजी, अक्षराकडे बघू नका. उजव्या हाताची बोटं हल्ली सकाळी आखडलेली असतात आणि दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून हे उतरत्या उन्हात दुकानाच्या पायरीवर बसून लिहितोय. सायकलीचं दुकान आता नावालाच आहे. दिवसाकाठी एखादं पंक्चर आलं तर आलं. कड्याच्या आठवडी बाजाराला आलेली जुनी माणसं मात्र अजून थांबतात, पायरीवर टेकतात आणि विचारतात, "काय हो निवेदक, यंदा जत्रेत तुमचा आवाज न्हाई ऐकला. घसा बसला का काय?" मी घशावर हात ठेवून मान हलवतो. घसा ठणठणीत आहे, हे तुम्हालाच तेवढं सांगतो.

तुम्हाला काही ठाऊक नाही, तर सुरुवातीपासून सांगायला पाहिजे. तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मातीतल्या कुस्त्या टीव्हीवर दाखवणारी एक कंपनी निघाली. हसू नका, खरंच निघाली. पहिली दोन वर्षं ती माणसं गाडी घेऊन जत्रेत यायची, कुस्तीच्या हौदाच्या चार बाजूंना कॅमेरे लावायची आणि मैदान चालेल तसं घराघरात दिसायचं. हलगी वाजली की ती ऐकू यायची, धूळ उडाली की ती दिसायची, आणि दोन पैलवान पाऊण तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून नुसते रेटत राहिले तर पाऊण तास तेच. आणि हौदाच्या कडेला फेटा बांधून, माईक धरून मी. तुम्ही उभं राहायचात तिथेच, तसाच, डावा पाय थोडा पुढे टाकून. आष्टी-पाटोद्याच्या पलीकडची माणसं मला रस्त्यात ओळखायला लागली होती. तुम्हाला ते दिवस दाखवायला पाहिजे होते असं फार वाटायचं.

यंदा कंपनीनं सगळंच फिरवलं. लोक पाऊण तास बसत नाहीत, मधेच दुसरीकडे जातात, असं त्यांच्या ध्यानात आलं. मग ठरलं की जत्रेत यायचं नाही. नगरच्या बाजूला एक मोठा हॉल घेतला, ट्रकनं माती आणून छपराखाली पसरली आणि सगळ्या हंगामाच्या कुस्त्या चार दिवसांत उरकल्या. कुस्ती कितीही चालो, टीव्हीवर ती सात मिनिटांची करून दाखवायची. बोलणाऱ्यानं तिथे हजर राहायचं, पण बोलायचं नाही. बोलायचं महिनाभरानं, पुण्याला, काचेच्या खोलीत, कापून-जोडून तयार झालेल्या चित्रावर. आणि बरोबरी ठेवायची नाही. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली तरी वर बसलेले तिघे जण पडद्यावर पुन्हा बघणार आणि गुणांवर एकाला विजयी ठरवणार. हे सगळं कागदावर लिहिलेलं होतं. पैलवानांनी सह्या केल्या, त्यांच्या वस्तादांनी केल्या, मीही केली. निकाल टीव्हीवर लागेपर्यंत कुणाला सांगायचा नाही, असंही त्यात होतं. मी ते वाचलं होतं गुरुजी. बाकीच्यांनी वाचलं की नाही, मी विचारलं नाही.

आता एका पोरीचं सांगतो. पाटोद्याकडच्या एका वस्तीवरची. आईबाप दरसाल ऊस तोडायला जातात, ही चुलत्याकडे राहून तालीम करते आणि जत्रेतल्या ओळखीनं मला नाना म्हणते. पोरी कुस्ती खेळतात हे तुम्हाला नवं वाटेल, पण आता जत्रेत पोरींची जोड लागली की हौदाभोवती दाटी जास्त असते. तिची जोड लावली होती एका नावाजलेल्या पैलवान पोरीशी, जिच्या घरात पदकांचं कपाट आहे. हॉलमधली सगळी माणसं धरून चालली होती की दोन मिनिटांत उरकेल. मीसुद्धा.

उरकलं नाही. पहिला पट निघाला, पाय खेचले गेले आणि आमची पोर तोंडावर आली, तिथून तिला उलटी करायला समोरची झटत राहिली. एकदा पाठ मातीला लागतेच असं झालं, तेव्हा हिनं मानेवर पूल केला. गुरुजी, डोकं आणि टाचा जमिनीला, बाकी सगळं अंग कमानीसारखं वर, आणि छातीवर दुसरीचं सगळं वजन. मी मनात आकडे मोजत होतो, सोडून दिले. त्या पुलावरून ती फिरली आणि उभी राहिली. वीस मिनिटं झाल्यावर पंच मधे गेले, दोघींचे हात धरले आणि दोन्ही हात एकदम वर केले. हॉलमध्ये भाड्यानं आणून बसवलेली माणसंही उठून उभी राहिली. पोर माती झटकायचं विसरून माझ्याकडे धावत आली, पायाला हात लावला आणि म्हणाली, "नाना, बरोबरीत सुटली! तिच्यासंगं! आई येईल ना उसावरून, तवा टीव्हीवर लागंल का ओ?" मी म्हणालो, लागेल की.

महिन्यानं पुण्याचं बोलावणं आलं. एसटीनं गेलो, गुडघा वाटेत दोनदा धरला. काचेच्या त्या खोलीत गार हवा, कानावर हेडफोनच्या टोप्या, समोर पडदा. एक हुशार बाई होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या, सर सर म्हणून बोलणाऱ्या, मला मधाचं गरम पाणी आणून देणाऱ्या. त्यांचा काही राग धरण्यासारखा नाही. त्यांनी ती कुस्ती लावली. वीस मिनिटांची सात झालेली. पूल होता, पण डोळ्याचं पातं लवेस्तोवर. शेवटी पंचांचा हात दिसला आणि त्यांनी वर केलेला एक हात दिसला, पदकवालीचा. दुसरा हातही वरच होता, पण तो चित्राच्या बाहेर.

"इथं सर, 'अखेर विजय कोणाचा' असं करत या, आणि हात वर गेला की निकाल," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "अहो, ही बरोबरीत सुटली. मी होतो तिथं."

"हो सर, पण गुणांवर ती पुढे होती ना. वरच्यांनी ठरवलंय." मग गरम पाण्याचा पेला पुढे सरकवून, "तुम्हाला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते, काही अडचण नाही."

काही अडचण नाही, हे त्यांनी मायेनंच म्हटलं. तेवढ्यात मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं, म्हणून तर हे पत्र.

तुम्ही चुलीजवळ पाटावर बसलाय. तुमच्या घरच्या काकू भाकरी थापतायत, येसराच्या आमटीचा वास भरलाय, आणि मी उंबऱ्याशी उभा आहे, कारण तुम्ही बस म्हटलेलं नाही. आदल्या दिवशी जत्रेत तुमचा घसा बसला म्हणून तुम्ही माईक माझ्या हातात दिला होता. पहिल्यांदा. शेवटच्या कुस्तीत पंच खाली वाकून पैलवानाचे खांदे बघत होते आणि मी त्यांच्या आधी ओरडलो, "झाली! अस्मान दाखवलं!" त्याचा एक खांदा अजून वर होता. पण कर्ण्यातून आवाज गेला तो गेला. माणसं हौदात घुसली, फेटे उडाले, जिंकल्याला खांद्यावर घेतलं, आणि त्या गर्दीत पंचांचं कोण ऐकणार. जो पडला नव्हता तो पडला.

"का म्हून बोललास रं?" तुम्ही विचारलं.

"दिसलं मला, गुरुजी."

"दिसलं? का लोकं वरडायला लागली म्हून दिसलं?"

काकू म्हणाल्या, "आवं, आधी जेवू तर द्या त्याला." तुम्ही म्हणालात, "जेवंल की. आधी कुटं जायचंय ते त्याला कळू द्या." आणि जेवायच्या आधी मला सायकलवर मागे बसवून त्या पैलवानाच्या गावी नेलंत. चढावर मी उतरून ढकलत होतो. तो माणूस गोठ्यात धार काढत होता. मी हात जोडून सांगितलं की तू पडला नव्हतास, मी पाडलं. तो कासंडी खाली ठेवून म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, पोरगं हाय. पाठीला माती लागलीच हुती थोडी." त्यानं मला वाचवायला स्वतःवर माती लावून घेतली. परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात की पुढचं सालभर तू माईकला हात लावायचा नाहीस, आणि तुम्ही सालभर मला रोज संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायला लावलात, जो शब्द अडला तो समजावून दिलात. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाची खरी शाळा तीच.

हे सगळं काचेच्या खोलीत बसून आठवलं गुरुजी. आठवून मी काय केलं? गरम पाणी प्यालो आणि बोललो. थकलो होतो हे खरं आहे. जत्रेत आता कुणी बोलावत नाही, कारण जत्रावालेही कंपनीसारखे कानात घालायची यंत्रं लावलेले निवेदक आणतात, हेही खरं आहे. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी बोलला असता, निकाल तोच लागला असता. हे सगळं मी येताना एसटीत स्वतःला सांगितलं. पहिल्या वेळी बाई म्हणाल्या, "सर, थोडा जोर कमी पडतोय, परत घेऊ या?" दुसऱ्यांदाही परत. तिसऱ्या वेळी सगळं जमून आलं. ती पडली नव्हती, आणि मी तिला तीनदा हरवलं.

रविवारी दुपारी कार्यक्रम लागायचा होता. शुक्रवारीच पोरीचा फोन, "नाना, तुमी आमच्याकडंच या बघायला. आई-बापू आल्यात." मी ठरवून लवकरची गाडी धरली. पोचल्याबरोबर तिला बाजूला घ्यायचं, कागद गेला खड्ड्यात, सांगून टाकायचं. पोचलो तर ओट्यावर शेजाऱ्याचा मोठा टीव्ही आणून मांडलेला, वरून चादरीची सावली, खाली सतरंज्या. सगळी वस्ती येऊन बसायला लागलेली. तिची आई, उन्हानं काळवंडलेली, हाताच्या बोटांना अजून पाचटाचे ओरखडे, मला म्हणाली, "नाना, मी पोरीची एक पण कुस्ती बघितली न्हाई आजवर. दर बारीला आमी उसाच्या फडात." पोर रांजणातून माठात पाणी भरत होती. मी जवळ गेलो. आसपास कुणी नव्हतं. तिनंच हसून विचारलं, "नाना, काय काय बोललाय ओ माझ्याबद्दल?"

तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणालो, "बघशील की आता."

मग लागलं. पोर दिसली तशा बायांनी टाळ्या वाजवल्या, बापानं टोपी काढून मांडीवर ठेवली. पूल आला आणि गेला, तिच्या आईला तो कळलासुद्धा नाही. मग माझा आवाज, "अखेर विजय कोणाचा", मग तो एक हात. बापानं टोपी परत डोक्यावर घातली. मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "आरं, पर ही तर बरोबरीत सुटलती म्हनं ना?" कुणीतरी दबक्या आवाजात हसलं, पोरीनं घरी थाप मारली असं वाटून. आईनं पोरीकडे बघितलं. पोरीनं माझ्याकडे.

"नाना, तुमाला ठावं होतं?"

"होतं."

"बरोबरीत सुटली न्हवती का?"

"सुटली होती. ही पोर पडली नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, उभा राहून म्हणालो. "पंचांनी दोघींचे हात वर केले होते. मी डोळ्यांनी बघितलंय." पण गुरुजी, समोर पडद्यावर मीच उलटं बोलत होतो, आणि तिथला मी जास्त मोठ्यानं बोलत होतो. माणसं एकदा माझ्याकडे आणि एकदा टीव्हीकडे बघत राहिली. मग एकेक उठून सतरंजी झटकत गेली.

पोर रडली नाही, भांडली नाही. तिनं टीव्हीची वायर गुंडाळली आणि मला म्हणाली, "हारल्याचं काय न्हाई ओ नाना. पर दारात आल्याबरोबर सांगितलं असतं, तर मी वस्ती गोळा केली नसती." आत जाऊन तिनं मला चहा आणून दिला. मी तो प्यालो. आई दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घेऊन पाटोद्याला जाणार होती, तिथल्या तालमीत तिची कुस्ती बघायला. मला दोघीही चला म्हणाल्या नाहीत.

तुम्ही असता तर मला सायकलवर बसवून परत तिच्या दारात नेलं असतंत. मी एकटा जाईन, एवढ्यात जाईन, असं रोज ठरवतो. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकणार तरी कुठं. आणि तुमच्यापर्यंत पोचणारी टपालपेटी असती तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहिलेली नाही आणि ती तुमच्या हाती पडू नये असं वाटतं. त्या ओट्यावर, सगळी वस्ती गप्प झाली होती आणि तिची आई पडद्याकडे बघत होती, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते त्या पोरीबद्दल नव्हतं. मला वाटलं, या वयातही माझा आवाज काय झकास लागलाय.