हरणीचा दोष नव्हता

माथेरान,
१२ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप आबांना रोहिदासचा दंडवत.

मी बरा आहे, दोन वेळ पोटभर जेवतो. आईचा खोकला थांबला का? निरगुडसरला थंडी पडली असेल, तिला पहाटे गोठ्यात जाऊ देऊ नका.

इथं पाहुण्यांना फिरवायच्या तीन घोड्या माझ्याकडं आहेत. सोमवारी त्यातली एक अचानक मागच्या पायांवर उभी राहिली. लगाम शिवणारे इस्माईलचाचा, आपल्या जुन्नरचेच, त्यांनी तिचं तोंड उघडून मला दाखवलं. लगामाच्या, तोंडात बसणाऱ्या काटेरी कडीनं जीभ चिरली होती.

चाचा म्हणाले, "घोडी माजलेली न्हाई रं, तिला लई दुखतंय."

त्यांनी साधी गुळगुळीत कडी घातली. आता ती लहान पोरांनाही शांतपणे नेते.

आबा, खरं सांगायचं तर सोमवारपासून मला घास गिळवत नाही. यात्रेच्या शर्यतीत बैलगाड्यापुढं पळताना आपल्या हरणी घोडीनं पाठीवरच्या तात्याकाकांना पाडलं आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला. घोडी खोडील निघाली म्हणून आपण ती विकली. पण त्या सकाळी, ती हातात राहावी म्हणून, काटेरी कडी मीच घातली होती. कुणाला बोललो नाही.

तात्या आजही तिलाच बोल लावतात. हे पत्र त्यांना वाचून दाखवा. समोर उभं राहून सांगायचं धाडस मला होत नाही. ते जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहा, माझ्यासाठी काही गाळू नका.

तुमचा चुकलेला,
रोहिदास