अंगणातलं झाड अब्वोलीला

मी, इरिनेओ तिबामवेंडा, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शाळामास्तर, राहणार मासिंडी, प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीलगत, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत आहे. क्रमिक पुस्तकातल्या कविता अजून पाठ आहेत. ऐकणारं कोणी नाही, एवढंच.

तिबामवेंडा या माझ्या नावाचा अर्थ ‘याच्यावर कोणाची माया नाही’. मृत्यूला चकवायला आम्ही न्योरो लोक अशी नावं ठेवतो. मायेसाठी प्रत्येकाला ठरलेल्या मोजक्या नावांतलं दुसरं नाव असतं, एम्पाको. जवळचा माणूस त्याच नावाने हाक मारतो. माझं आराली. बायको अत्वूकी गेल्यापासून ते क्वचितच कानी पडतं. ती असताना मी झाडाखाली कविता म्हणू लागलो की आतून आवाज यायचा, “आराली, झालं असेल तर केळी सोलायला या!”

कलम १. माझी जागा, अंगणातल्या वडाच्या जातीच्या झाडासकट, मी प्राणिसंग्रहालयाला चिंपांझींसाठी देत आहे. तिथल्या डॉक्टर कुनिहिरा अकीकी नवं आवार बांधत आहेत. त्यात खांब आहेत, दोर आहेत, झाड मात्र नाही. चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं करतो. बुडोंगोच्या जंगलात तो स्वतः दिसत नाही, म्हणून संशोधक घरटी मोजतात. पण घरटं किती दिवस टिकतं हे कळल्याशिवाय त्या मोजणीला अर्थ नाही. ते डोळ्यांसमोर पाहायला खरं झाड हवं. तेव्हा नवी भिंत माझ्या झाडाच्या पलीकडून घ्यावी.

“मास्तर, झाड दिलंत तर तुमच्या सावलीचं काय?” असं अकीकीने विचारलं.

“संध्याकाळी सावली भिंतीबाहेरच पडते की, पोरी.”

अत्वूकीची कबर झाडाखालीच आहे. ती हलवू नये. मलाही शेजारीच पुरावं.

कलम २. हे माझ्या मुलासाठी, रुबोंगोया अद्येरी याच्यासाठी. अद्येरी, गेल्या डिसेंबरात तू हॉटेलवाल्याला ही जागा दाखवायला घेऊन आलास. गाडीतून उतरता उतरता म्हणालास, “बरे आहात ना, आपूली?”

मी म्हटलं, “आपूली शेजारी राहतो. बोलावू का त्याला?”

तू हसलास. “बाबा, म्हातारपणी एवढं काय मनाला लावून घेता? हे लोक आईची कबरसुद्धा स्वखर्चाने हलवून देताहेत.”

“आईला विचारलंस?”

त्यावर तू मोबाइल पाहू लागलास. बापाचं एम्पाको विसरणारा मुलगा मी मासिंडीत दुसरा पाहिला नाही. जागा तुला का नाही, ते एवढ्यावरून समजून घे.

कलम ३. सायकल आपूलीला हवी होती. पण तो या कागदाचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकील म्हणाले, म्हणून ती आजच देऊन टाकली. आता तो तिच्यावर बसून बाजारात जाईल. माझ्याकडे यायला त्याला सायकल लागत नव्हती.

कलम ४. भिंतीच्या पलीकडे अब्वोली नावाची चिंपांझी आहे. शिकाऱ्यांनी आईला मारलं तेव्हा ती पिल्लू होती. पिंजऱ्यावर क्रमांक होता. एम्पाको मी दिलं. गावात त्यावरून पुष्कळ हसले. संध्याकाळी मी “अब्वोली” म्हटलं की ती लांब हू-हू करत साद देते. या घरात दिवसभरात मला मिळणारं उत्तर तेवढंच. झाडावर पहिलं घरटं तिने करावं, ही इच्छा आहे. इच्छेला कायद्याचं बळ नसतं, ठाऊक आहे.

कलम ५. अद्येरी, तुला अगदीच वगळत नाही. कवितांचं पुस्तक तुझं. झाडाची संध्याकाळची सावली पडते तो भिंतीबाहेरचा माझा बाकही तुझा, तो अकीकीने मोडू नये. तुझ्या मुलाला तू अजून एम्पाको दिलेलं नाहीस. माझं दे. त्याला घेऊन एकदा संध्याकाळी बाकावर बस आणि मोठ्याने “आराली” अशी हाक मार. उत्तर झाडावरून आलं तर दचकू नकोस.

हे लिहिलेलं पुन्हा वाचून, समोरच्या दोघांदेखत सही केली.

इरिनेओ तिबामवेंडा, आराली

साक्षीदार: क्योम्या आपूली, शेजारी
बिरुंगी अमूती, चर्चमधील बायबल-वाचक

मासिंडी, ४ ऑगस्ट २०१९