रविवारचा प्रश्न

राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर
३ जून २०२४

चि. शिवराज यास कमलाक्षीअक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पावलं. फोनच करायचा, तर हे समोर बसलेले असतात, आणि मला ऐकू यायचं तर तुला इतकं ओरडावं लागतं की गल्ली ऐकते. त्यापेक्षा कागद बरा. अप्पांनी आपल्याला पाठीत धपाटे घालून देवनागरी शिकवली, ती अशी कामाला आली. या घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही. यांची मराठी नुसती तोंडात, लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. नातीला, नंदिताला, बोललेलं कळतं, उत्तर मात्र तमिळमध्ये देते. म्हणून तुझी पत्रं मी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे बिनधास्त खोचते.

रविवारचा प्रश्नांचा खेळ तुला ठाऊक आहे. ओरत्तनाडूच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हे, शेजारचे सुब्रमण्यम सर आणि तिरुवैयारूहून बसने येणाऱ्या नागलक्ष्मी टीचर काफीबरोबर एकमेकांना प्रश्न घालतात. ज्याचं उत्तर बरोबर, त्यानं पुढचा प्रश्न घालायचा. सलग तीन रविवार ज्याला एकही उत्तर आलं नाही, त्यानं पुढे नुसतं ऐकायचं. नियम यांचाच, आणि कुणाला मोडू देत नाहीत.

शिवराज, यांचे दोन रविवार कोरे गेले. काल सरांनी विचारलेलं यांनीच सकाळी पेपरातून मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. हे सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात उठून गेले. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. यांना मी अशक्तपणा म्हणून सांगितलंय. टीचर लेकीकडे गेल्यात, म्हणून पुढचा खेळ २३ तारखेला. तिसरा रविवार कोरा गेला तर हे आपण होऊन खुर्ची सोडतील. मग त्या माणसाजवळ उरेल काय? मला काही सुचत नाही.

नेहमीसारखा शेवटी तुझा प्रश्न लिही, उत्तरासकट. तुझा प्रश्न मी वाचला की यांना हुरूप येतो.

लोभ ठेव, आणि या वेळी उत्तराला महिना लावू नकोस.
अक्का

पुणे
१० जून २०२४

ती. अक्कास शिवराजचा सा. न.

वि. वि. पत्र पावलं. भावोजींना विसरण्याचा आजार, आणि तो वाढतच जाणार, हे तुझ्या अक्षरात वाचावं लागलं. ज्या माणसानं मला जगातल्या राजधान्या पाठ करायला लावल्या, त्याला उद्या तुझं नाव आठवणार नाही, असंही होईल. अक्का, मन घट्ट कर. त्यांना मात्र कळू देऊ नकोस. कळलं तर ते त्याच दिवशी खचतील.

एक सुचतं. जुनं त्यांना सगळं आठवतं, जातंय ते ताजं. माळ्यावर त्यांच्या प्रश्नांच्या वह्या असतील. वीस वर्षांपूर्वीचे त्यांचेच प्रश्न काढून सरांना आणि टीचरना दे. फसवणूक आहे खरी, पण त्यांच्याच मालाची आहे.

या वेळचा माझा प्रश्न: ऑक्टोपसला हृदयं किती? उत्तर: तीन. आपल्याला एक सांभाळताना नाकीनऊ येतात.

लोभ आहेच, थोडा स्वतःच्या तब्येतीवरही ठेव.
शिवराज

तंजावूर
२४ जून २०२४

चि. शिवराज यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझी युक्ती लागू पडली. काल यांनी सात उत्तरं दिली. तुझ्या ऑक्टोपसचं तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत दिलं. टीचर डोळे पुसायला मोरीकडे गेल्या आणि कांदा चिरत होते म्हणाल्या. काल कांदा नव्हता घरात.

मला मात्र म्हणावा तसा आनंद झाला नाही. मंडळी गेल्यावर हे बराच वेळ डवऱ्याच्या वाटीतली गार काफी ढवळत बसले. हल्ली रोज सकाळी त्या कॅलेंडरपाशी उभे दिसतात. तारीख विसरत असतील, म्हणून मी विचारत नाही. नंदिताही जेवणावरून लवकर उठते. दहावीचा अभ्यास फार असावा.

माया पातळ होऊ देऊ नकोस. इथं बोलायला तूच आहेस.
अक्का

तंजावूर
२ जुलै २०२४

ती. शिवराजमामा आजोबांस नंदिताचा शि. सा. न.

मी पहिल्यांदा मराठी लिहिते आहे. शाळेत माझा विषय हिंदी आहे. अक्षरं तीच आहेत, हे आजीला माहीत नाही. तिनं माझं पुस्तक कधी उघडलेलं नाही. मात्रा चुकल्या तर माफ करा.

तुमचं पत्र आलं तेव्हा आजोबांनी मला ते कॅलेंडरमागून काढायला सांगितलं. त्यांना तुमचा प्रश्न आणि उत्तर आधी पाहिजे होतं. ही चोरी आहे, असं ते स्वतःच म्हणाले. या वेळी उत्तर आलं नाही तर खुर्ची जाईल, म्हणाले. मी वरपासून मोठ्यानं वाचत गेले. काय वाचते आहे ते मला कळलं तेव्हा वाचून झालं होतं.

ते खाली बसले. मग म्हणाले की पत्र होतं तसं ठेव आणि आजीला सांगू नको, तिला वाईट वाटेल.

पण मामाआजोबा, दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरले. तुमचं पत्र आलंय आणि त्यात प्रश्न आहे, एवढंच त्यांना आठवतं. सकाळी ते मला पुन्हा वाचायला सांगतात. मी नुसता प्रश्न वाचला तर रागावतात, कागदावर बोट ठेवून वरपासून वाच म्हणतात. मी नऊ वेळा वाचलं आहे. नऊ वेळा ते त्यांना नवीनच कळलं. दर वेळी ते खाली बसतात आणि आजीला सांगू नको म्हणतात.

मला आता वाचवत नाही. तुम्ही काहीतरी करा. तुमचा लोभ मलाही हवा आहे.
नंदिता

पुणे
८ जुलै २०२४

चि. नंदितास अनेक आशीर्वाद.

बाळ, चूक माझी आहे, तुझी नाही. पाकीट तुझ्या नावानं आहे. सोबतचा दुसरा कागद कॅलेंडरमागे ठेव आणि जुना फाडून टाक. अक्काला मी वेगळं लिहितो. तुझी एकही मात्रा चुकलेली नाही.

मामाआजोबा

पुणे
८ जुलै २०२४

ती. भावोजींस शिवराजचा सा. न.

वि. वि. इकडे सर्व ठीक, तिकडेही असेल. अक्का लिहिते की तुमची तब्येत चांगली आहे आणि रविवारी तुमच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. ऐकून बरं वाटलं. लहानपणी मला राजधान्या येईनात, तेव्हा तुम्हीच घ्यायच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही गुपचूप पाच प्रश्न सांगितले होते, आणि नेमके तेच घातले होते. ती परतफेड राहिली आहे. म्हणून हे पत्र अक्काच्या नव्हे, तुमच्या नावानं.

रविवारचा प्रश्न: तिरुवैयारूवरून गेलेली कावेरी समुद्राला कुठं मिळते? उत्तर: पूंपुहारला.

सरांना कळू देऊ नका. विसरलात तर नंदिताकडून पुन्हा वरपासून वाचून घ्या, तिला कंटाळा येणार नाही.

लोभ तुमचा आहे तसाच राहो. माझ्याकडून तो मी लक्षात ठेवीन.
शिवराज