चार नंबरचं रक्त

३ फेब्रुवारी, मंगळवार

चार नंबरच्या कोऱ्या नमुन्यात पीक आलं. येता कामा नये!

कोरा नमुना म्हणजे धडधाकट माणसाचं रक्त, औषधाचा थेंबही न घातलेलं. ते कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, सोडलं की पडद्यावर सरळ रेघ यायला हवी. आमचं नवं वेदनाशामक रक्तातल्या प्रथिनाला किती घट्ट धरून बसतं हे मोजायचं, तर आधी ही रेघ सपाट हवी. सहा जणांचं रक्त घेतो, सगळे इथलेच कर्मचारी. बाटलीवर फक्त नंबर. पाच रेघा सपाट आल्या. चार नंबरला चौदाव्या मिनिटाला छोटासा टोकदार उंचवटा, आमच्या भाषेत पीक.

सर म्हणाले, सिरिंज नीट धुतली नसेल. तीनदा धुतली होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नवी सिरिंज, नवा कॉलम, नवी बाटली. पीक जागचं हलत नाही.

स्टोअरच्या अक्का डोकावल्या. "काय बाई, यंदा पीक कसं आहे?" बारा वर्षं हाच विनोद. नको तिथे उगवलंय, म्हटलं. हसताना त्यांनी रुमाल तोंडाला लावला. हिरड्या ठणकतात म्हणे. कोपराखाली हा एवढा जांभळा डाग. कपाटाचं दार लागलं, म्हणाल्या. रिटायर व्हायच्या आत एकदा त्या कपाटाला लाथ घालणार आहेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चार नंबर बारीक चाळणीतून गाळलं. प्रथिनं वर राहतात, पाणी खाली उतरतं. खालच्या पाण्यात काही नाही. मग वरच्या प्रथिनांत आम्ल घालून त्यांची घडी मोडली—आणि तेव्हा ते सुटून आलं.

म्हणजे जे काही आहे ते प्रथिनाला गोचिडासारखं चिकटलंय. आमच्या औषधाची अशी पकड असती तर सरांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं. पण असं चिकटणारं अंगातून लवकर जात नाही. आठवडेच्या आठवडे राहतं.

कोणाच्या अंगात आहे हे?

१० फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या विभागात रेणूंचं वजन करणारं यंत्र आहे. हातापाया पडून एक तास मिळवला. वजन निघालं. मग त्याचे तुकडे करून तुकड्यांची वजनं. सगळं जुळलं.

उंदीर मारायच्या औषधातलं आहे. रक्त गोठू देत नाही. चिमूटभर रोज पोटात गेलं तर कळतही नाही, आणि एक दिवस माणूस आतल्या आत वाहून जातो.

धावत सरांकडे गेले. नावं सीलबंद पाकिटात, पाकीट त्यांच्या कपाटात. ते म्हणाले, नावं अशी उघडता येत नाहीत, समितीकडे लेखी अर्ज करा, आठवडाभर लागेल. मी म्हटलं, तेवढ्यात तो माणूस गेला तर? सरांनी चष्मा पुसला. नियम मी केलेले नाहीत, म्हणाले.

११ फेब्रुवारी, बुधवार

सर मीटिंगला गेले आणि मी कपाट उघडलं. चावी कुठे असते ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पाकीट फोडलं.

चार नंबर—अक्का.

खरं तर पाकीट फोडण्याआधीच मला कळायला हवं होतं.

स्टोअरमध्ये गेले, दार लावून घेतलं, सांगितलं. त्या हातातली यादी पुरी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी कोणाचं काय वाकडं केलंय?"

डबा घरचाच ना, विचारलं. घरचाच. बाहेरचं त्या खात नाहीत. स्वयंपाक कोण करतं?

"सून." यादीची घडी घातली. "तिचं नाव घेऊ नका हो. तोंडाने फटकळ आहे, पण—"

त्या पणच्या पुढे त्या गेल्याच नाहीत. मीच गेले. मागे दोघींचं घरावरून वाजलं होतं. मुलाला वेगळं व्हायचं होतं, अक्का कागदावर सही करत नव्हत्या. हे सगळं दुपारच्या चहाला त्यांनीच मला सांगितलेलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अक्कांच्या नाकातून रक्त आलं ते थांबेना. दवाखान्यात भरती. मी लिहून दिलेला निकालाचा कागद डॉक्टरांच्या हातात होता म्हणून उतारा लगेच सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

बरं वाटलं. लपवून काय करू? फार बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फौजदार आले. सभ्य माणूस, हळू बोलणारा. कॉलम म्हणजे काय, पीक म्हणजे काय, सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, तुम्हाला कोणावर संशय? मी म्हटलं, संशय नाही, पण जेवण सून करते. घराचं भांडणही सांगितलं.

अक्कांच्या घरी शेगडीमागे उंदराच्या औषधाची पुडी सापडली.

घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, आपल्याही माळ्यावर आहे की. मी चिडले. कायम दुसऱ्याची बाजू घ्यायची सवय!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्याच्या व्हरांड्यात सून भेटली. सकाळीच तिला अटक झालेली, बरोबर पोलीसबाई होती. सासूला एकदा बघू द्या म्हणून तिला इथवर आणलं होतं. अक्कांनी तोंड फिरवलं.

ती माझ्यासमोर थांबली. रडत नव्हती. "ताई, मशीनवर तुम्हीच बघितलंत ना? मग कोणी घातलं तेही मशीनलाच विचारा."

मी जिन्याकडे बघत राहिले. तिला नेलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ते वाक्य कानातून जात नाही. यंत्राला विचारायचा प्रश्न नाही तो. यंत्र काय आणि किती एवढंच सांगतं. कोणी, ते माणसांनी शोधायचं. शोधलं की!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अक्कांचं नवं रक्त तपासलं. पीक पहिल्यापेक्षा बुटकं. उतरतंय. सर चार लोकांत म्हणाले, ही आमच्या पद्धतीची ताकद. पाकिटाचा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळी भेटायला गेले. मुलगा बाहेर बाकावर बसलेला, दाढी वाढलेली. मला बघून उठला आणि निघून गेला. अक्का भिंतीकडे तोंड करून होत्या. इतकंच म्हणाल्या, "तीन वर्षं तिच्या हातचं जेवले मी. आता इथलं अळणी उतरत नाही घशाखाली."

२ मार्च, सोमवार

कोणी रक्त द्यायला तयार नाही. सहाच्या सहा जागा रिकाम्या. बाई पाकीट फोडतात, असं झालंय. काम अडलं.

शेवटी नर्सला म्हटलं, माझं काढ. जो मोजतो त्याचं रक्त घ्यायचं नाही, असा आमचा प्रघात. पण कोरी रेघ कोणाची का असेना, सपाट असली की झालं.

५ मार्च, गुरुवार

माझ्या रक्तात चौदाव्या मिनिटाला पीक आहे. अक्कांच्या पहिल्या पिकापेक्षा उंच.

अक्कांच्या घरचा घास मी कधी खाल्लेला नाही. आमच्यात एकत्र एवढंच—दुपारचा चहा, स्टोअरमध्ये. बाकीचे सगळे कॅन्टीनला जातात. साखर, दूध पावडर, दोन कप, मागच्या कपाटात. अक्का नव्हत्या तरी मी रोज तिथे जाऊन पीत होते.

पंधरा दिवसांत दोनदा ब्रश बदलला, हिरड्या ठणकतात तर तो कडक असेल म्हणून.

आधी फौजदारांना फोन करते. अक्कांची सून चौदा दिवस आत आहे.