गल्लीने अडवलेली पुस्तकं

प्रिय अहो,

लग्नानंतर तुम्हाला कधी पत्र लिहावंच लागलं नाही. सांगली सोडून तुम्ही गेलात कुठे? आता गेलात, आणि पत्ताही ठेवला नाहीत. तरी लिहितेय, कारण आज मला कुणाशी तरी भांडायचंय आणि त्यासाठी तुमच्याइतकं योग्य माणूस या गावभागात दुसरं नाही.

दुकानातच बसलेय. शटर खाली ओढलंय. भिंतींचा पुराचा वास अजून गेलेला नाही आणि फळ्या सगळ्या रिकाम्या आहेत. बाहेर आपला निखिल फोनवर बोलत येरझाऱ्या घालतोय. गल्लीच्या तोंडाशी कोल्हापूरच्या रद्दीवाल्याचा टेम्पो उभा आहे. अकरा वाजता मोबाइलच्या दुकानाचा माणूस जागा ताब्यात घ्यायला येईल. सगळं ठरलंय. फक्त तुमचं एकही पुस्तक माझ्याजवळ नाही!

थांबा, नीट सांगते.

तुम्ही माघात गेलात आणि श्रावणात कृष्णा चढली. धरणातून पाणी सोडल्याचं सांगत रिक्षा फिरली, आणि मी दुकानाच्या दारात नुसती उभी राहिले. दर पुराला तुम्ही, सगळ्या गल्लीचे भाऊ, रस्त्यात उभे राहून ओरडायचात, "चला रे, पुस्तकं माहेराला निघाली!" मग गल्ली रांग धरायची आणि गठ्ठे हातोहात वरच्या मजल्यांवर जायचे. पोरांची पुस्तकं समोरच्या शांताक्कांकडे, कारण त्यांच्या घरात नातवंडं. जाडजूड कोश सायकलवाल्या रफिकभाईंकडे, कारण त्यांचा जिना दगडी.

कुणाकडे काय गेलं ते तुम्ही कधी लिहून ठेवलं नाहीत. मी पडले शाळेतली बाई, हजेरी घेतल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. "लेक माहेरी पाठवताना पावती घेतात का गं?" असं म्हणून मलाच हसायचात. आणि खरंच, पाणी उतरलं की सगळी आपोआप परत यायची. एखाद्याच्या पानावर हळदीचा डाग, एखाद्याबरोबर 'शेवट काही पटला नाही' अशी तोंडी तक्रार!

यंदा माझ्या घशातून आवाजच फुटेना. पण न बोलावता सगळे आले. शांताक्कांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. "वहिनी, तुमी बसा जावा. काय कुटं जातंय ते आमाला ठावं हाय." दुपारपर्यंत दुकान मोकळं झालं. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते.

पाणी काउंटरच्या वर चढलं आणि उतरलं. निखिल पुण्याहून आला. बिचाऱ्याने एकट्याने चिखल उपसला, भिंती धुतल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आई, आता पुरे. अजून किती वर्षं हेच करायचं? तू माझ्याकडे चल."

खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. गुडघे दुखतात. शिवाय पुस्तक विकताना गिऱ्हाइकाशी गप्पा मारणं तुमचं काम, मला ते कुठे जमतंय! मी हो म्हटलं. पुस्तकांचं काय, तर कोल्हापूरचा रद्दीवाला वजनावर नेईल, असं तो म्हणाला. त्यालाही मी हो म्हटलं.

गल्लीत निरोप दिला, पुस्तकं खाली आणून द्या, टेम्पो यायचाय. एकही आलं नाही.

शांताक्का म्हणाल्या, "अजून वल हाय वं पुस्तकास्नी." दुसऱ्या मजल्यावर कसली आलीय ओल? रफिकभाई म्हणाले, "पाव्हणं आल्यात वहिनी, कपाटापुढंच गाद्या टाकल्यात." दुकानावरच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली म्हणाल्या, "परीक्षा झाली की लगेच देतो, काकू." कुठली परीक्षा आणि कधी, ते मात्र सांगेनात. मी समोरून आले की माणसं घरात शिरायला लागली. आपल्याच गल्लीत!

निखिल भडकला. "बघितलंस? बाबांनी ज्यांच्यासाठी जन्म घालवला, ती ही माणसं. रांग लावून घरात नेली आणि आता दाबून बसलीत." पोलिसांत जातो म्हणाला. मी त्याला अडवलं. गल्लीवर विश्वास होता म्हणून नाही हो! त्याचं म्हणणं खरं निघालं तर तुमच्या फोटोकडे बघायचं कसं, ही धास्ती होती. माणसाने इतका विश्वास ठेवून असं अचानक निघून जावं का? निस्तरायला मागे कोण आहे, याचा विचार केलात कधी?

काल सकाळी मात्र राहवेना. तडक शांताक्कांचा जिना चढले. दार उघडंच होतं. मसाल्याच्या बरण्या जमिनीवर उतरवून त्यांनी दोन फळ्या पुस्तकांना दिल्या होत्या. पुस्तकं कोरडी ठणठणीत! नात पालथी पडून त्यातलंच एक वाचत होती.

"ही होय ओल?" मी विचारलं.

शांताक्का फळीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "खोटं बोलले मी. न्हाई द्यायची."

"अक्का, पुस्तकं माझी आहेत."

"तुमचीच हायती की. कोन न्हाई म्हंतंय? पर रद्दीत घालायला आमी डोक्यावरनं वाहिली व्हय? दुकान उघडा, सगळी खाली आनून देतो. बंद करणार आसाल तर एक बी मिळायचं न्हाई. आमी समद्यांनी ठरावलंय."

समद्यांनी! म्हणजे पाहुणे खोटे आणि परीक्षाही खोटी. चोर नव्हते, हे कळल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मला असा संताप आला म्हणता! "मला विचारलं का कुणी?" मी ओरडले. "ठरवायला तुमचं काय जातं? रोज शटर कुणी वर करायचं? दिवसभर एकटीने कुणी बसायचं? तुमचे भाऊ गेले, अक्का! मी भाऊ नाही!"

त्यांनी फळीवरचं एक पुस्तक सरळ केलं. मग म्हणाल्या, "आमाला बी कळतंय त्ये. पर तुमी गेलासा, दुकान गेलं, म्हंजे भाऊ समदंच गेलं की वं." आणि पदर तोंडाला लावला. मी तशीच खाली आले.

आता सांगा, काय करू? निखिलने त्या मोबाइलवाल्याला शब्द दिलाय. मीही दिलाय. पोरगा आईच्या काळजीपोटीच करतोय ना सगळं? आणि मी दुकान उघडलं आणि चाललंच नाही, तर? सगळे चार दिवस कौतुक करतील आणि आपापल्या कामाला लागतील. मग मी आणि ह्या फळ्या!

पण परवा तो विट्याचा आला होता, परराज्यातल्या सोनं गाळण्याच्या दुकानावर परत जाण्याआधी दरवर्षी तुमच्याकडून पिशवी भरून पुस्तकं नेणारा. तिकडे मुलांना मराठी अक्षर दिसत नाही म्हणून नेतो. दुकान बंद होतंय म्हटल्यावर घडी घातलेली पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला. "मग आता आमी कुटं जायाचं, काकू?" कुपवाडच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या दोघी गिऱ्हाइकं गाडी लावून तेच विचारून गेल्या. आणि तुम्हाला म्हणून सांगते, पुण्याच्या अकराव्या मजल्यावर मी दिवसभर भांडू कुणाशी?

निखिल शटर वाजवतोय. तो माणूस आला वाटतं. थांबते.

दुपार झालीय. जेवण राहिलंय, पण आधी हे लिहिते.

शटर वर केलं आणि बाहेर जाऊन म्हटलं, "दादा, तुमची फेरी फुकट गेली, माफ करा. जागा नाही देत मी."

निखिलचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! मी शब्द दिलाय त्यांना!"

"मीही हो म्हटलं होतं बाळा. आता नाही म्हणतेय. राग माझ्यावर काढ, त्यांना माझंच नाव सांग."

तो माणूस पुटपुटत निघून गेला. निखिल माझ्याकडे बघेना. मी काउंटरमागे तुमच्या जागी जाऊन बसले आणि वाट बघत राहिले.

कुणी आलं नाही हो!

सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. सगळे खाली बघतायत, पण एकाचंही पाऊल जिन्यावर पडेना. पोटचा पोरगा दुखावला, आलेला माणूस परत धाडला, आणि आता हे नुसते बघत बसणार? पुराच्या दिवशी न फुटलेला आवाज तेव्हा फुटला. रस्त्यात येऊन ओरडले, "अक्का! उघडलंय की दुकान! आता काय?"

वरून शांताक्का तितक्याच जोरात ओरडल्या, "आधी त्यो टेम्पो हलू दे!"

टेम्पो! रद्दीवाल्याचा टेम्पो तिथेच उभा होता. मी ड्रायव्हरला जायला सांगितलं, तर तो म्हणतो, "सायबांनी बोलावलंय, सायबांनी सांगितलं तर जातो." झालं! सगळी गल्ली निखिलकडे बघायला लागली. तो मोबाइल हातात धरून भिंतीशी उभा. त्याला सांगायचं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण गिळलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रिकाम्या दुकानाकडे. केवढा वेळ लावला त्याने!

मग चालत गेला. ड्रायव्हरशी काहीतरी बोलला आणि रस्त्यावर उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत टेम्पो मागे घ्यायला लावला. टेम्पो वळणाआड गेला आणि रफिकभाईंच्या जिन्यावर चपला वाजल्या.

आता दुकानात पाय ठेवायला जागा नाही. जो येतोय तो हातातलं पुस्तक कुठल्या फळीवर होतं ते मला शिकवतोय! निखिल फळ्या पुसतोय. माझ्याशी धड बोलत नाहीये. मघाशी एवढंच म्हणाला, "दर पुराला रजा काढून येणार नाही मी, सांगून ठेवतो." रागावू दे. त्याचा राग रास्त आहे, आणि तो जायला वेळ लागेल.

तुमच्यासारखं दुकान चालवायचं वचन मी देणार नाही. मला ते येत नाही. मी शिस्त लावीन, गिऱ्हाइकांशी वाद घालीन, दुपारी गुडघे शेकायला तासभर बंदही ठेवीन. एक मात्र नक्की. ज्या दिवशी मला झेपेनासं होईल, त्या दिवशी टेम्पो बोलावण्याआधी मी गल्लीला विचारीन.

तुमचीच,
सुमन