शर्तींचा रकाना

९ नोव्हेंबर, रविवार
जमातीच्या ऑफिसातून निकाहनाम्याचा कोरा फॉर्म आणला. कोरा कसला! ‘शर्ती’च्या रकान्यावर आधीच आडवी रेघ. कारकून म्हणाले, “सगल्यांच्याच फॉर्मवर मारून ठेवतो. कोन लिवतंय?” मी लिहिणार आहे! एकच ओळ — नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर तलाक घ्यायचा हक्क मला.

११ नोव्हेंबर
अम्मीला सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली. “आपल्यात नाय असली नवी थेरं! सोयरीक मोडशील!” अब्बा बावीस वर्षं वापीला दुसरा संसार करतायत, ईदला पाहुण्यासारखे मनोरला येतात — आणि मोडणारी मी! संताप संताप झाला.

१५ नोव्हेंबर
नवी थेरं? पालघरच्या वाचनालयात दिवसभर बसले. ट्युनिशियात कैरवान नावाचं जुनं शहर आहे. हजार वर्षांपूर्वी तिथल्या बायका निकाहातच लिहून घेत — दुसरी केलीस तर मी मोकळी! त्याच देशाने १९५६ साली दुसऱ्या लग्नावर बंदीच आणली. म्हणजे सुधारणा बाहेरून आलेली नाही. आपलीच होती, आपणच विसरलो.

धावत जाऊन शब्बीरमामूंना सांगितलं. “ते तिकडलं. आपल्याकडं पद्धत नाय.” परवा माझ्या ओढणीवरून हेच मामू अरबस्तानचे दाखले देत होते!

१७ नोव्हेंबर
बोईसरला माझ्या नोकरीच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या स्वातीला सांगितलं, तर ती — “अय्या, तुमच्यात बायकांना विचारतात?” कुणाकुणाशी भांडू?

२० नोव्हेंबर
सोहेलचा फोन. लग्न याच्याशीच ठरलंय. “माझी ना नाय. पन घरात मोठी मानसं हायेत.” म्हटलं, निकाहाला मोठी माणसं बसणार का तू? त्याने फोन ठेवला. चांगला आहे तो, पण घाबरट. रडू आलं.

२३ नोव्हेंबर
रेघ नसलेला फॉर्म मागितला. कारकुनांनी गठ्ठा पुढे केला — शेवटपर्यंत रेघाच रेघा! तिथेच बसलेले, निकाह लावणारे मौलाना म्हणाले, “शर्त लिवायला मनाई नाय. पन घरातलं कोनी मोठं येऊन सांगू दे.” कोण येणार? मामू? अब्बा? फॉर्म फाडून टाकावासा वाटला.

२८ नोव्हेंबर
पुन्हा जमातीच्या ऑफिसात निघाले, तर अम्मी बुरखा घालून दारात उभी. माझ्याबरोबर आली. मौलानांपुढे पिशवीतून तिचा स्वतःचा निकाहनामा काढला, एकोणतीस वर्षांचा, त्याच रकान्यावर तीच रेघ.

“हिचं लिवा,” म्हणाली. “आनि ही रेघ खोडून माझंपन लिवता येल का आता?”